मेदिची व्हीनसच्या रिकाम्या चौथऱ्यावर आलेली कानोव्हाची व्हीनस

शुभ्रा

फ्लोरेन्सला जाणारे आपले बरेचसे लोक उफित्सी संग्रहालय बघतात, मायकेलँजेलोचा डेव्हिड बघतात आणि पाय दुखायला लागले की नदीपलीकडचा पित्ती राजवाडा गाळतात. तो गाळू नये, एवढ्यासाठी हा धागा काढते आहे. पित्तीतल्या चित्रदालनांत व्हीनसच्या, म्हणजे रोमन सौंदर्यदेवीच्या, नावाचा एक कक्ष आहे आणि त्यात अँतोनिओ कानोव्हाची ‘व्हीनस इतालिका’ उभी आहे. भिंतीवर टिशियनची चित्रं असल्यामुळे लोकांच्या नजरा तिकडे जातात. ही मूर्ती मात्र चारही बाजूंनी फिरून बघायची आहे.

तिची गोष्ट मोठी आहे. मेदिची घराण्याकडे व्हीनसची एक प्राचीन संगमरवरी मूर्ती होती, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली, उंची जेमतेम 1.53 मीटर. 1677 मध्ये ती रोमहून फ्लोरेन्सला आणली आणि उफित्सीच्या अष्टकोनी दालनात ठेवली. अठराव्या शतकात युरोपभरचे श्रीमंत घरातले तरुण शिक्षण पुरं करायला इटलीला यायचे, तेव्हा हिचं दर्शन घेतल्याशिवाय परतत नसत. स्त्रीदेह कसा असावा याचं मापच तिच्यावरून ठरायचं. फ्रेंच सैन्य येणार म्हणून 1800 मध्ये तिला पालेर्मोला हलवलं, पण नेपोलियनने पिच्छा सोडला नाही आणि 1802 मध्ये ती त्याच्या हाती लागली. मूर्ती पॅरिसला गेली, चौथरा रिकामा राहिला.

फ्लोरेन्स तेव्हा एट्रुरिया नावाच्या राज्यात होतं; त्याच्या राजाने मग कानोव्हाला सांगितलं की तिची प्रतिकृती करून द्या. कानोव्हा तेव्हा युरोपातला सर्वांत नावाजलेला शिल्पकार होता, आणि दुसऱ्याच्या कामाची प्रतिकृती करणं त्याला मान्यच नव्हतं. त्याने स्वतःची व्हीनस घडवली. 1812 मध्ये ती त्याच अष्टकोनी दालनात बसली. 1815 मध्ये नेपोलियन हरल्यावर जुनी व्हीनस परत आली आणि नवीला पित्तीत जावं लागलं.

आता मुद्द्याचं. जुनी व्हीनस एक हात छातीसमोर आणि एक खाली धरून उभी आहे, पण हात अंगाला लागत नाहीत. कुणी बघतंय की नाही याची तिला फिकीर नाही. कानोव्हाची व्हीनस नुकतीच स्नान करून बाहेर आली आहे. तिने दोन्ही हातांनी वस्त्र छातीशी गच्च धरलंय, खांदे पुढे आलेत, पाठ किंचित वाकलीय आणि मान झटकन वळलीय, कारण दाराशी कुणाची तरी चाहूल लागली आहे. उंचीनेही ती जुनीपेक्षा चांगली वीतभर जास्त आहे. उगो फॉस्कोलो या कवीने दोघींमधला फरक तेव्हाच नेमका सांगितला: मेदिचींची ती देवी, कानोव्हाची ही सुंदर बाई. त्याचा कौल बाईच्या बाजूने होता. माझाही आहे.

नवअभिजात शिल्पं म्हणजे ग्रीक-रोमन मूर्तींच्या गार, गुळगुळीत नकला, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

नीरजा_के

छान लिहिलंय. पण विरोधी बाजू मांडतेच.

या सगळ्याच्या मुळाशी विंकेलमन हा जर्मन कला-इतिहासकार आहे. ग्रीक कलेत उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता आहे, हे त्याचं 1755 मधलं वाक्य पुढची पन्नास वर्षं सगळे घोकत होते. 1764 मध्ये त्याने प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. हा माणूस ग्रीसला कधीच गेला नाही. त्याने ज्यांच्यावर सिद्धांत उभा केला त्या मूर्ती बव्हंशी रोमन काळातल्या प्रती होत्या, त्याही तुटलेल्या, शतकानुशतकं मातीत राहून रंग उडालेल्या. शरीर जितकं शुभ्र तितकं सुंदर, असंही त्याने लिहून ठेवलं. ग्रीकांनी मात्र आपल्या देवी रंगवल्या होत्या. केस सोनेरी, ओठ लाल, कानांत खरे दागिने. तुमच्या मेदिची व्हीनसचंच बघा: 2012 च्या सुमारास तिची साफसफाई झाली तेव्हा केसांत सोन्याचा आणि ओठांवर लाल रंगाचा अंश सापडला. कान तर आधीपासूनच टोचलेले आहेत.

शिवाय तिचे हात! ज्या लाजऱ्या हातांवर दोनशे वर्षं प्रबंध लिहिले गेले, ते सतराव्या शतकात एर्कोले फेर्राता या शिल्पकारानं जोडलेले आहेत. ती लांब निमुळती बोटं ग्रीक नाहीतच. म्हणजे कानोव्हाच्या पिढीने ज्याला प्राचीन म्हणून डोक्यावर घेतलं त्यात अर्धा भाग आदल्या शतकातल्या डागडुजीचा होता. अशा पायावर उभ्या राहिलेल्या कलेला मी नक्कल म्हणणार नाही, पण गैरसमज नक्कीच म्हणेन. आणि या शुभ्रतेच्या कौतुकातून पुढे युरोपाने स्वतःच्या कातडीचं जे कौतुक करून घेतलं, ते आपण तरी विसरू नये.

---

पाथरवट

मी संगमरवरात काम करतो, त्यामुळे हाताच्या बाजूने लिहितो.

नीरजाताई, इतिहास बरोबर आहे. पण कानोव्हाच्या मूर्ती शुभ्र आहेत हे फोटोवरून झालेलं मत आहे. तो मूर्ती पांढरीफटक कधी सोडायचा नाही. काम संपलं की छिन्न्यांना धार लावून उरलेल्या पाण्याने तो संगमरवर धुवायचा, त्याने दगडाला पिवळसर छटा येते. वर मेणाचा हात. ‘हेबे’ या त्याच्या देवीच्या हातात पेला आणि सुरई धातूची आहे आणि ओठांना-गालांना त्याने हलका रंग दिला होता. त्यावरून केवढी ओरड झाली! फेर्नो नावाच्या जर्मन टीकाकाराने 1806 मध्ये त्याच्यावर पुस्तकच लिहिलं आणि हा माणूस दगडाला दगड राहू देत नाही असा आक्षेप घेतला. दोनशे वर्षांत मेण गेलं, रंग गेला, कुठे कुठे नको इतकी घासपूस झाली, आणि आपण म्हणतो हे थंड आहे.

आता ‘गार, गुळगुळीत’ याबद्दल. त्याची पद्धत अशी. आधी मूठभर मातीत कच्चा नमुना, त्यात बोटांचे ठसे तसेच ठेवलेले, भराभर केलेला. मग पूर्ण आकाराची मातीची मूर्ती, आत लोखंडी सांगाडा. तिच्यावरून साचा काढून प्लास्टरची मूर्ती ओतायची. या प्लास्टरवर शेकडो बारीक धातूचे खिळे ठोकायचे, प्रत्येक खिळा म्हणजे एक माप. मग पॉइंटिंगने ती मापं दगडात उतरवायची: ठरलेल्या स्थिर बिंदूंपासून प्रत्येक खिळा किती आत आहे ते मोजायचं आणि दगडात तेवढं खोल भोक पाडायचं. एवढं काम कारागीर करायचे. दगड मूर्तीच्या जवळ आला, अगदी कातडीएवढा थर राहिला, की सगळ्यांना बाजूला करून कानोव्हा स्वतः बसायचा.

तो शेवटचा थर तो रात्री, एका मेणबत्तीच्या उजेडात काढायचा. हे नाटक नव्हे. दिवसा खिडकीतून पसरट उजेड येतो, त्यात पृष्ठभागावरचा हलका चढउतार दिसतच नाही. एकच ज्योत बाजूने तिरपी धरली की तळहाताएवढ्या भागात दहा लाटा दिसतात. गुडघ्याच्या वर, बरगडीखाली, मानेच्या मागे. आम्हीही आज बल्ब तिरपा धरून तेच करतो. आणि संगमरवरात उजेड थोडा आत शिरून परत बाहेर येतो, कारण तो कॅल्साइटचे स्फटिक एकमेकांत गुंतून बनलेला आहे. कातडीचंही तसंच असतं. म्हणून कारारातला चांगला, रेषा नसलेला दगड एवढा महाग असायचा आणि आहे. उरलेला थर एक मिलिमीटर जास्त काढला तर सगळी मूर्ती साबणाच्या वडीसारखी होते. हा माणूस थांबायचं कुठे ते जाणत होता, माझ्या लेखी त्याची थोरवी तिथे आहे.

---

बाळबोध

पाथरवट, प्रतिसाद साठवून ठेवला. एक शंका. आपल्या हुतात्मा चौकातली फ्लोरासुद्धा रोमन देवीच ना? तीही याच प्रकारातली समजायची का?

---

पाथरवट

फ्लोरा रोमन वसंतदेवी, बरोबर. कारंजं 1864 मधलं, शिल्पकार जेम्स फोर्सिथ. पण ती इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलँड दगडातली आहे. तो चुनखडीचा दगड, त्यात उजेड शिरत नाही. तो लांबून, रस्त्याच्या मधोमध, भर उन्हात दिसायला घेतला जातो. घड्या खोल खोदल्या तरच सावली पडते, म्हणून फ्लोराच्या वस्त्रांच्या घड्या ठसठशीत आहेत. देवी प्राचीन, पण जातकुळी व्हिक्टोरियन सार्वजनिक स्मारकाची. मूर्ती जवळून बघायची असेल तर फोर्टातच सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जा. तिथल्या स्मृतिशिल्पांत संगमरवरी काम आहे आणि अंगभर ग्रीक वस्त्रं गुंडाळलेल्या रूपकात्मक स्त्रिया आहेत. भिंतीला लागून असल्यामुळे मागून बघता येत नाहीत, पण नाकाएवढ्या अंतरावर जाता येतं.

---

लिव्हरपूलकर

रंगाचा विषय निघाला म्हणून आमच्या गावची देवी पुढे करतो. इथल्या वॉकर आर्ट गॅलरीत जॉन गिब्सनची ‘टिंटेड व्हीनस’ आहे. गिब्सन वेल्समध्ये जन्मला, लिव्हरपूलमध्ये वाढला, 1817 मध्ये रोमला गेला आणि थेट कानोव्हाच्या कार्यशाळेत शिकला. पुढे त्याने ठरवलं की ग्रीक रंगवत होते तर आपणही रंगवायचं. 1851 ते 1856 या काळात ही व्हीनस झाली. अंगाला मेणातून दिलेली फिकट देहवर्णी छटा, केस सोनेरी, डोळे निळे, हातात सोनेरी सफरचंद, पायाशी कासव.

लिव्हरपूलच्याच एका दांपत्याने ती सांगून करून घेतली होती, पण गिब्सनचा जीव तिच्यात इतका अडकला की काही वर्षं त्याने ती त्यांच्याकडे पाठवलीच नाही. 1862 मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ओवेन जोन्स या वास्तुकाराने तिच्यासाठी खास रंगीत देऊळ उभारलं. लोक अक्षरशः हादरले. पांढरी असताना जी नग्न देवी सगळ्यांना चालत होती ती गालावर लाली आल्याबरोबर काहींना अश्लील वाटली.

मला या प्रसंगातून फार काही कळलं. पांढरा रंग हा व्हिक्टोरियन समाजासाठी पडदा होता. नीरजाताई म्हणतात तो गैरसमज त्यांना हवा होता, सोयीचा होता.

प्रत्यक्षात ती बघायला गेलात तर रंग इतका फिका आहे की आधी कळतच नाही. डोळे तेवढे चटकन लक्ष वेधतात. एरवी या मूर्तींची बुबुळं कोरी असतात, त्यामुळे त्या कुठेच बघत नाहीत. हिला नजर आहे.

---

मंजिरी_देव

म्हणजे आपल्याकडे मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडतात आणि तोवर ती फक्त दगड असते, त्याच्या बरोबर उलट. डोळे कोरे ठेवून त्यांनी देवीला देवी राहू दिलं नाही, कलावस्तू केलं, असं म्हणता येईल का?

---

शुभ्रा

मंजिरी, मला हे फार पटलं. कानोव्हाच्या काळात व्हीनसची पूजा करणारं कुणी उरलं नव्हतं. देवी शिल्लक होती पण भक्त नव्हते, म्हणून तिच्यात दुसरं काही भरायची मोकळीक शिल्पकाराला मिळाली. कुणी त्यात लाज भरली, कुणी राजकारण.

राजकारणाचं ढळढळीत उदाहरण रोमच्या बोर्गेसे दालनात आहे. नेपोलियनची बहीण पाउलीन हिचं लग्न कामिल्लो बोर्गेसेशी झालं, आणि नवऱ्याने कानोव्हाकडून तिची मूर्ती करून घेतली, 1805 ते 1808. कानोव्हाच्या मनात आधी तिला डायना करायचं होतं. डायना म्हणजे कुमारी, शिकारीण. पाउलीनने व्हीनसचा हट्ट धरला. सौंदर्याची स्पर्धा जिंकलेली व्हीनस, हातात बक्षिसाचं सफरचंद, कमरेच्या वर अनावृत, कोचावर रेललेली. कुणा सम्राटाच्या सख्ख्या बहिणीने असं बसावं हे तेव्हा कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. चेहरा पूर्ण तिचा नाही आणि पूर्ण देवीचाही नाही, म्हणूनच ते खपून गेलं. नवऱ्याने मात्र ती मूर्ती सरसकट कुणाला बघू दिली नाही.

जवळून काय बघायचं सांगते. ती ज्या गादीवर रेलली आहे ती गादी तिच्या वजनाने दबलेली आहे. बसल्या जागी खोलगट, कडेला फुगीर, आणि कोपराखालच्या उशीवर बारीक चुण्या. मऊपणा दोन प्रकारचा आहे, कापडाचा वेगळा आणि देहाचा वेगळा, आणि दोन्ही एकाच दगडात. कोचाचा तळ लाकडी आहे आणि त्यात मूर्ती फिरवण्याची यंत्रणा होती. रात्री मशाली-मेणबत्त्या लावून पाहुण्यांना बसवायचं आणि मूर्ती त्यांच्यासमोर फिरवायची. पाथरवटांनी सांगितलेला तिरपा उजेड इथे बघणाऱ्यालाही मिळत होता. आपण आज वरून येणाऱ्या सपाट विजेच्या उजेडात बघतो आणि म्हणतो यात जीव नाही.

---

नीरजा_के

पाउलीनचा मुद्दा मान्य. पण मग कानोव्हाने अस्सल ग्रीक काम कधी बघितलंच नाही, हे तर खरं ना?

---

शुभ्रा

बघितलं, पण उशिरा. 1815 मध्ये तो पोपचा प्रतिनिधी म्हणून पॅरिसला गेला होता, नेपोलियनने रोममधून नेलेल्या कलाकृती परत आणायला. तिथून नोव्हेंबरात लंडनला गेला आणि लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश उमरावाने अथेन्सहून आणलेली पार्थेनॉन या प्राचीन देवळाची शिल्पं त्याने पाहिली. त्यांत देवळाच्या पूर्वेकडच्या छताखालच्या त्रिकोणातल्या त्या तीन देवी आहेत, डोकी नसलेल्या, एक दुसरीच्या मांडीवर रेललेली, ओलं कापड अंगाला चिकटावं तशी वस्त्रं. कानोव्हा भारावून गेला. हा खरा देह आहे, असं त्याने पत्रात लिहिलं. याच शिल्पांची डागडुजी करायला एल्गिनने त्याला फार आधी विचारलं होतं आणि त्याने नाही म्हटलं होतं, यांना हात लावणं पाप होईल म्हणून.

फेर्रातानं मेदिची व्हीनसला नवे हात बसवले, कानोव्हाने पार्थेनॉनच्या देवींना डोकी जोडायला नकार दिला. ज्याला नुसती नक्कल करायची असते त्याला असा संकोच वाटत नाही. मिलोची व्हीनस ही प्राचीन ग्रीक मूर्ती 1820 मध्ये सापडली, 1821 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आली आणि 1822 मध्ये कानोव्हा गेला. ती दहा वर्षं आधी सापडली असती तर त्याने काय केलं असतं, हा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

---

तळेगावकर

आपल्याकडच्या एका शिल्पाची आठवण करून देतो. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 मध्ये सुरू झालं आणि तिथे विद्यार्थ्यांना ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रती समोर ठेवून रेखाटन शिकवलं जायचं. ‘अँटिक’ म्हणायचे त्या अभ्यासाला. तिथेच विद्यार्थिदशेत असताना गणपतराव म्हात्र्यांनी 1896 च्या सुमारास ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. देवळाकडे निघालेली नऊवारीतली मराठी तरुणी. उभं राहण्याची ढब ग्रीक शिल्पातली, एका पायावर भार, त्यामुळे कमरेला आलेला बाक, पण नऊवारीच्या घड्या कुठल्याही ग्रीक वस्त्राच्या नाहीत. कासोटा जिथे ओढला जातो तिथे कापड कसं ताणतं, हे फक्त रोज बघणाऱ्यालाच जमेल. तेव्हा तिची फार वाखाणणी झाली. ती प्लास्टरमध्येच आहे. शुभ्राताईंनी सांगितलेली ‘देवी की बाई’ ही ओढाताण म्हात्र्यांनी किती सुंदर सोडवली: देवी देवळात आहे, बाई वाटेवर आहे.

---

पाथरवट

तळेगावकर, +१. मंदिरपथगामिनी प्लास्टरमध्ये आहे याची खंत करू नका. प्लास्टर ही कलाकाराच्या हाताला सगळ्यांत जवळची अवस्था. कानोव्हाची प्लास्टरं त्याच्या जन्मगावी, पोसान्योला, ठेवली आहेत. त्याच्या मृत्यूनंतर सावत्र भावाने रोमची कार्यशाळा आवरून सगळं तिकडे नेलं आणि त्यासाठी इमारत बांधली. पुढे 1957 मध्ये कार्लो स्कार्पा या वास्तुकाराने तिला नवा भाग जोडला, त्यात उजेड वरच्या कोपऱ्यांतून येतो आणि पांढऱ्या भिंतींवर पांढरी प्लास्टरं सुटी सुटी दिसतात. मापाचे खिळे अजून त्यांच्या अंगावर आहेत, चेहऱ्यावरसुद्धा. शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने रोमच्या आधी इथे जावं असं माझं मत आहे.

पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये तिथे तोफगोळा पडला आणि बऱ्याच मूर्तींची नासधूस झाली. आणि 2020 च्या जुलैमध्ये एक पर्यटक फोटोसाठी पाउलीनच्या प्लास्टर मूर्तीवर टेकला आणि तिच्या पायाची बोटं तुटली. कृपा करून कुठल्याही मूर्तीला टेकू नका, हात लावू नका. संगमरवरालासुद्धा बोटांचं तेल लागून डाग पडतो आणि तो आत मुरतो.

---

बाळबोध

एकाच सहलीत काय काय बघता येईल? हैदराबादच्या सालारजंगमधली बुरखा घेतलेली रिबेका बघून मी थक्क झालो होतो, त्यामुळे जाणारच आहे.

---

शुभ्रा

रिबेका बेन्झोनीची, 1876 मधली. तोही रोममध्येच काम करणारा, याच परंपरेतला. पारदर्शक पडदा हे हातखंडा कौशल्य आहे आणि थक्क करतंच, पण तिथे कारागिरी आधी दिसते आणि रिबेका नंतर. व्हीनसच्या बाबतीत उलट होतं.

फ्लोरेन्समध्ये सकाळी उफित्सीत मेदिची व्हीनस आणि दुपारी पित्तीत कानोव्हाची, याच क्रमाने बघा, मध्ये दिवस जाऊ देऊ नका. उफित्सीत त्या अष्टकोनी दालनात आत सोडत नाहीत, दारातूनच बघावं लागतं. छोटी दुर्बीण असेल तर न्या. रोमला बोर्गेसेचं तिकीट आधीच काढून ठेवा, ठरलेल्या वेळेला दोन तासांसाठीच आत सोडतात. लंडनला जाणार असाल तर कानोव्हाची ‘थ्री ग्रेसेस’ सध्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे की एडिनबराला, ते विचारून निघा. 1994 मध्ये दोन्ही संस्थांनी मिळून ती विकत घेतली आणि आलटून पालटून ठेवतात.

---

नीरजा_के

सगळं वाचलं, बरंच नवीन कळलं. गैरसमज हा शब्द मागे घेत नाही, पण गैरसमजातून इतकं जिवंत काम होऊ शकतं हे कबूल आहे.

फक्त धाग्यात थोरवाल्सनचं नाव आलं नाही म्हणून नोंदवते. बर्टेल थोरवाल्सन, कोपनहेगनचा शिल्पकार, 1797 मध्ये रोमला आला आणि पोहोचल्याची तारीख पुढे वाढदिवसासारखी पाळत राहिला. त्याची सफरचंद घेतलेली व्हीनस 1813 ते 1816 मधली. ती वळून बघत नाही, लाजत नाही, चाहूलही घेत नाही. जिंकलेलं सफरचंद हातात धरून त्याच्याकडे बघते आहे, एवढंच. पृष्ठभाग कानोव्हापेक्षा कोरडा ठेवलाय, मेणाची चकाकी नाही. शुभ्राला बाई हवी आहे, मला ती देवी जास्त खरी वाटते, जिला बघणाऱ्याची गरजच नाही. कोपनहेगनला 1848 मध्ये उघडलेलं त्याचं स्वतंत्र संग्रहालय आहे, आतल्या भिंती गडद रंगांच्या, आणि चौकातच त्याला पुरलं आहे. पाथरवट, तुम्ही तिथलं काम पाहिलं असेल तर पृष्ठभागाबद्दल नक्की लिहा.